दुसऱ्या पानावरचे शेंगदाणे

धोंडूदादा,

आज तुझ्या तेराव्याला उमरठच्या तुझ्या पडवीत एका पानावरून वाद झाला. तुझं पान वाढून तयार होतं: भात, वरण, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. वहिनीने त्याच्या शेजारी दुसरं, लहान पान ठेवलं. त्यावर मूठभर कोरडा भात, ओल्या खोबऱ्याचा एक तुकडा आणि शेंगदाणे. निलेश ते पाहून थांबला.

“आई, हे आज नको.”

“का नको?”

“लोक जेवायला आलेत. बापाच्या पानाशेजारी उंदरांचं पान? हसतील लोक.”

“हसू दे. तेरा दिवस रडलेच ना, जरा हसू दे.”

“दर सर्वपित्रीला बाबा ते ठेवायचे, मी काय बोललो नाय. पण आज बाबांचं पहिलं पान हाय.”

“म्हणून तर,” वहिनी म्हणाली. “ज्यांना हे दर वर्षी घास घालायचे, त्यांना आजच उपाशी ठेवायचं?”

मग तिने माझ्याकडे पाहिलं. “भावोजी, तुम्हीच सांगा. या पानावरून यांच्याशी सगळ्यात जास्त तुम्हीच भांडलात.”

ते खरं आहे. पान ठेवायचं की उचलायचं, हे तिने माझ्यावर सोडलं. मी लगेच उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, ते तुला सांगणं भाग आहे, कारण जे सांगायचं ते तू असताना सांगितलं नाही.

तू माझा आतेभाऊ. सातवी झाल्यावर पोलादपूर सोडून मुंबईला गेलास आणि एका संशोधन संस्थेत उंदरांच्या देखभालीचं काम धरलंस. निवृत्त होईपर्यंत तेच केलंस. तुम्ही लोक उंदरांच्या त्या जागेला नुसतं ‘हाउस’ म्हणायचात. गावात कुणी विचारलं, की तू ‘सरकारी नोकरी’ एवढंच सांगायचास. मी वर्तमानपत्रात लागलो, तेव्हा मला मात्र एकदा तिथे घेऊन गेलास.

दार उघडण्याआधी तू त्यावर दोन बोटांनी हलकं टकटक केलंस.

“हे कशाला? ते काय ‘आत या’ म्हणणार?”

“दुसऱ्याच्या घरात शिरताना तू खाकरतोस ना रे? एकदम दार उघडलं की दचकतात ते. दचकलेल्या उंदराचं मोजमाप खोटं येतं.”

आत पिंजऱ्यांच्या रांगा होत्या, भुश्शाचा आणि औषधाचा वास होता. तू एक पांढरा उंदीर दोन्ही तळव्यांत घेतलास. त्याचं हृदय चिंचोक्याएवढं असतं, तू म्हणालास, आणि आपल्या चार-पाच पट वेगाने धावतं. त्या चिंचोक्यात चार कप्पे, आणि कप्प्यांना झडपा. झडप कांद्याच्या आतल्या पापुद्र्यापेक्षा पातळ. मी माझ्या वहीत हे सगळं लिहून घेतलं. ती वही अजून आहे.

तुमच्या खोलीतलं काम कशासाठी चाललंय, हेही तूच मला समजावलंस. पुढे मोठ्या डॉक्टरांना विचारून मी ते पडताळलं. तुझ्या सांगण्यात एकही चूक निघाली नाही. एखाद्या माणसाची झडप लहानपणीच्या तापाने खराब झालेली असते. वर्षानुवर्षं काही कळत नाही. मग कधीतरी, किडलेल्या दाढेतून म्हण, रक्तात जंतू शिरतात. चांगल्या झडपेवर ते टिकत नाहीत, खरबरीत झडपेवर रुतून बसतात. तिथे जंतूंची आणि गोठलेल्या रक्ताची गाठ वाढते. तिचा एखादा कण सुटतो आणि रक्ताबरोबर मेंदूत जाऊन अडकतो. ताप हृदयातला, आणि हात लुळा पडतो. हे नेमकं कधी आणि कसं घडतं, कण सुटण्याआधी काही कळतं का, कोणत्या औषधाने ते थांबतं, हे जिवंत माणसाच्या छातीत टप्प्याटप्प्याने पाहता येत नाही. म्हणून उंदीर. त्याला भूल देऊन मानेतल्या धमनीतून केसासारखी बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, झडपेला जरा खरचटू देतात. मग शेपटीच्या शिरेतून जंतू सोडतात. आणि वाट पाहतात.

वाट पाहण्याचं काम तुझं होतं. रोज वजन. रोज प्रत्येकाला शेपटीच्या बुडाशी धरून क्षणभर अलगद उचलायचं. धडधाकट उंदीर पुढचे दोन्ही पाय खाली जमिनीकडे ताणतो. मेंदूत एका बाजूला इजा झालेला एक पाय छातीशी आखडून घेतो. तेवढाच फरक, तोही क्षणभर. कोणत्या पिंजऱ्याला औषध आणि कोणत्याला नुसतं पाणी, हे तुला मुद्दाम सांगत नसत.

“मला ठावं असलं, तर माझी नजर बाटली ना,” तू म्हणालास.

सातवी शिकलेल्या माणसाच्या तोंडून प्रयोगाच्या निःपक्षपातीपणाची इतकी नेमकी व्याख्या ऐकून मी तुझ्याकडे बघत राहिलो होतो. वृत्तसंपादकाच्या खोलीत हे वाक्य टांगायला हवं होतं. तेव्हा तुला तसं बोललो मात्र नाही. बोललो ते वेगळंच. “आणि शेवटी?”

“शेवटी भूल देऊन संपवायचं. मेंदू बघावा लागतो. मी धरतो. मी धरलं की शांत राहतात.”

पुढे तुमच्या संस्थेच्या या संशोधनाची बातमी माझ्याच टेबलावर आली. दहा ओळींची जागा होती. मी ती घट्ट बसवली. त्या बसवण्यात ‘उंदरांवरील’ हा शब्द गेला, नुसतं ‘प्रयोगांत आढळले’ एवढं राहिलं. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला.

“बातमी वाचली. चांगली हाय. पण आमचे कुठं गेले?”

“जागा नव्हती, दादा.”

“दहा ओळीत एक शब्द नाय बसला?”

“उंदीर म्हटलं की अर्धे वाचक पुढे वाचत नाहीत.”

“बरं. तुझं खातं तुला ठावं,” म्हणालास, आणि कापड्याला माझ्या बहिणीच्या, सुनंदाच्या शेतात भात कसा आलाय ते विचारलंस.

आपलं खरं भांडण सर्वपित्रीचं. तू दर वर्षी रजा काढून उमरठला यायचास, आधी आईवडिलांचं पान ठेवायचास आणि मग परसात फणसाखालच्या दगडावर हे दुसरं. ठेवण्याआधी त्या दगडावर दोन बोटांनी टकटक. एका वर्षी मी सरळ म्हणालो, “आधी मारायचं आणि मग जेवायला घालायचं, हे ढोंग आहे.”

“मग काय, मारायचं आणि विसरायचं?”

“मारूच नये.”

“हां. मग तुझ्या घरात कुणाला झालं हे, तर डॉक्टरला सांग, की बाबा तू काय शिकलास ते विसर.”

पडवीतले सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर दोन वर्षांनी ते माझ्या घरातच झालं. माझी धाकटी बहीण सुनंदा. कापड्यात भाताची झोडणी चालली होती. तिला तीन आठवडे ताप येत-जात होता. गोळ्यांनी उतरायचा, पुन्हा चढायचा. दिवाळीच्या सुट्टीत तू गावी आला होतास, म्हणून आपण दोघं दुपारी तिच्याकडे गेलो. तिने चहा आणला. स्टीलच्या ताटात चार कप. ताट उजवीकडे कललं होतं, आणि उजवीकडच्या दोन कपांतला चहा ताटात सांडत होता. तिला ते कळत नव्हतं. मी पाहिलं आणि म्हणालो, “अगो, सांडतंय बघ.” तू पाहिलंस आणि उठून उभा राहिलास.

“सुनंदा, ताट ठेव. इथं ये. दोन्ही हात पुढं कर, तळवे वर. आता डोळे मिट.”

“काय हो दादा, शाळेत घालता की काय मला?”

“मिट गो.”

तिने डोळे मिटले. डावा हात जागेवर राहिला. उजवा हळूहळू खाली आला आणि तळवा आत वळला. पाच-सात सेकंदांची गोष्ट. मी तिच्या शेजारी उभा होतो. मला फक्त थकलेली बाई दिसत होती.

तू मला विचारलंस, “लहानपणी हिचे सांधे सुजायचे ना रे? शाळेतल्या डॉक्टरनं छातीत आवाज हाय म्हणून सांगितलं होतं?” सांगितलं होतं. मी विसरलो होतो. तू विसरला नव्हतास. “आणि दाढ?” दाढ दोन महिने दुखत होती, सुनंदा म्हणाली, झोडणी झाल्यावर काढणार होती.

तिचा नवरा म्हणाला, “अंगात कस नाय उरला, म्हणून हात पडतोय. आणि लकवाच असला तर औषध देणारा माणूस हाय, तेल चोळून बरा करतो.”

“हात नाय. हृदय हाय,” तू म्हणालास. “आत्ता निघायचं. पुढचा तुकडा मोठा असंल.”

तेव्हा मी बोललो. शब्द जसेच्या तसे आठवतात, कारण शब्द आठवणं हाच माझा धंदा आहे. मी म्हणालो, “दादा, तू डॉक्टर नाहीस. आणि माझी बहीण म्हणजे तुझा उंदीर नाही.”

तू चिडला नाहीस. गाडीवाल्याला फोन लावत होतास, तो लावत राहिलास. मग म्हणालास, “नाय ना. म्हणूनच. त्याला मला कधीच वाचवता आलं नाय. हिला येईल.”

महाडच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि एवढंच म्हणाले, थांबू नका, मुंबईला न्या. मुंबईत हृदयाची सोनोग्राफी झाली. पडद्यावर झडप उघडत-मिटत होती, आणि तिच्या कडेला एक गाठ प्रत्येक ठोक्याला झेंड्यासारखी फडफडत होती. तू पडद्यासमोर हात जोडल्यासारखा उभा होतास. इतकी वर्षं जे तू वजनाच्या आकड्यांत आणि आखडलेल्या पायांत वाचत आलास, ते जिवंत, धडधडतं, तुझ्या डोळ्यांसमोर होतं. “चिंचोक्यात पण हेच,” तू पुटपुटलास. “एवढंसं. पण अगदी हेच.”

मेंदूच्या तपासणीत डाव्या बाजूला लहान डाग निघाले. मी विचारलं, रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं ना, ते का देत नाही? तरुण डॉक्टर म्हणाली, “हृदयात जंतुसंसर्ग असताना ते दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका फार मोठा. आधी जंतू मारायचे, मग झडपेचं बघायचं.”

“हे कशावरून ठरलं?” मी पत्रकाराच्या सवयीने विचारलं.

“आधीच्या रुग्णांवरून. आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून.”

तिने तो शब्द गाळला नाही. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस आणि नजर जमिनीकडे वळवलीस.

सुनंदाला सहा आठवडे शिरेतून औषध चाललं, मग झडप बदलली. ती वाचली. उजव्या हाताच्या बोटांत थोडी कसर राहिली ती राहिलीच. त्या दिवसांत तू ड्युटी संपवून रोज यायचास आणि तिच्याशी कापड्याच्या गप्पा मारायचास. एकदा ती म्हणाली, “दादा, तुमच्या उंदरांनी वाचवलं मला.” तू ताडकन म्हणालास, “त्यांनी काय वाचवलं? त्यांना कुणी विचारलं होतं?” ती ओशाळली. मग तूच तिचा हात हातात घेतलास.

मला वाटलं होतं, आता आपलं भांडण मिटलं आणि जिंकलास तू. तूच ते मिटू दिलं नाहीस. पुढच्या सर्वपित्रीला पानाजवळ मी म्हणालो, “दादा, चुकलो. उपयोग होतो याचा.” तर तू म्हणालास, “दर वेळी नाय होत. उंदीर माणूस नाय. उंदरात गुण आला, तो माणसात येतोच असं नाय. कितीतरी औषधं आमच्याकडे चालली आणि पुढं फुकट गेली.” मी विचारलं, “मग तेवढे उंदीर?” तू दगडावर पान ठेवलंस आणि म्हणालास, “तेच तर.” ‘तेच तर’ नंतरचं वाक्य तुझ्याकडे होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारायला हवं होतं. बातमीदार म्हणून एवढं साधं काम मी केलं नाही. आणि ‘चुकलो’ म्हणालो, तेही प्रयोगांबद्दल. ‘माझी बहीण म्हणजे तुझा उंदीर नाही’ या वाक्याबद्दल नाही.

तर आज वहिनीने विचारलं तेव्हा मी गप्प होतो, कारण ज्या माणसाने तुझ्या पानाला ढोंग म्हटलं त्याने हो म्हणावं, तर कोणत्या तोंडाने? निलेश पान उचलायला वाकला. तेव्हा वहिनीने मला विचारलं, “भावोजी, इतकी वर्षं भांडलात. शेंगदाणे का, ते कधी विचारलंत?”

नव्हतं विचारलं.

मग तिने सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका खेपेचे काही उंदीर आजारी पडले, खाईनात, सुकत चालले. तुला बघवेना. तू घरून खिशात शेंगदाणे नेलेस आणि चार दिवस त्यांना एकेक दाणा हातावर भरवलास. त्यांनी खाल्लं. वजन सावरलं. आणि वजन हीच तर आजाराची खूण होती, रोज वहीत उतरवायची. पाचव्या दिवशी ते आकडे बघून मोठ्या मॅडम आनंदल्या, औषधाला गुण आला म्हणाल्या. तेव्हा तुला कळलं, आपण काय केलंय. तू जाऊन स्वतः सांगितलंस. कुणी पकडलं नव्हतं. त्यांनी तुला नोकरीवर ठेवलं, पण ती अख्खी खेप बाद केली. सगळं काम नव्या उंदरांवर पहिल्यापासून केलं.

“घरी येऊन जेवले नाय,” वहिनी म्हणाली. “म्हणाले, माझ्या मायेनं दुप्पट मेले. मी म्हटलं, चूक झाली, विसरा आता. तर म्हणाले, विसरलो की परत होईल. त्यानंतर कधी एक दाणा नेला नाय आत. त्यांना रोज तेच कोरडं खाद्य, आणि हे समोर उभे. मग वर्षातून एकदा इथं. म्हणून शेंगदाणे.”

मी तीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं, दादा. तुझ्या पानावर काय आहे ते दर वर्षी पाहिलं, आणि ‘का’ एवढं विचारलं नाही. मी ज्याला ढोंग म्हणालो, ती तुझ्या चुकीची कबुली होती. दर वर्षी, सगळ्यांसमोर, एकाही शब्दाविना तू ती देत होतास. मी आयुष्यात छापलेल्या सगळ्या चूकदुरुस्त्या त्या पानापुढे लहान आहेत.

मी म्हणालो, “पान ठेवायचं, वहिनी.”

निलेशने हात मागे घेतला. तोवर उंबऱ्यावर बसलेली सुनंदा उठली होती.

“द्या गो वहिनी इकडे. मी नेते.”

तिने पान दोन्ही हातांवर घेतलं. परसात उतरताना ते उजवीकडे कललं. भात कडेला सरकला आणि दोन शेंगदाणे मातीत पडले. ती थांबली. पान दगडाशेजारी टेकवलं आणि दाणे वेचायला उजवा हात पुढे केला. निलेश धावला.

“आत्या, राहू दे. मी उचलतो.”

“थांब रे. जमतंय मला.”

पहिल्यांदा बोटं मिटली नाहीत. दुसऱ्यांदा दाणा निसटला. तिसऱ्यांदा अंगठा आणि तर्जनी जुळली, आणि दाणा वर आला. तिने तो फुंकून पानावर ठेवला. मग दुसरा. आम्ही सगळे उभे राहून ते पाहत होतो. एका चिंचोक्याएवढ्या हृदयापासून या दोन बोटांपर्यंत किती लांबचा रस्ता आहे, आणि त्यावर तू किती वर्षं एकटा उभा होतास, हे मला त्या वेळी दिसलं.

तिने पान उचललं, पण लगेच दगडावर ठेवलं नाही. काहीतरी राहिलंय, हे तिला कळत होतं.

निलेश पुढे झाला. वाकला. आणि दगडावर दोन बोटांनी हलकं टकटक केलं.